फाशांवरून उतरलेल्या कादंबऱ्या : 'ड्रॅगनलान्स'चे पुनर्वाचन



पुनर्वाचनावर बोलायला उभा राहणारा माणूस सहसा मोठ्या ग्रंथांची नावे घेतो. मी आज ज्या पुस्तकांबद्दल बोलणार आहे, ती आपल्या ग्रंथालयात असलीच तर किशोरांच्या कपाटात असतील. त्यांच्या मुखपृष्ठांवर ड्रॅगन आहेत, तलवारी आहेत, वाऱ्यावर उडणारे केस आहेत. शिवाय त्यांच्या कुळाबद्दलही शंका घेतली जाते, कारण ती एका खेळातून जन्माला आली. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन या अमेरिकन लेखकजोडीने लिहिलेली 'ड्रॅगनलान्स क्रॉनिकल्स' ही १९८४ आणि १९८५ मध्ये आलेली कादंबरीत्रयी, आणि १९८६ मध्ये आलेली 'ड्रॅगनलान्स लेजंड्स' ही दुसरी त्रयी, अशी ही सहा पुस्तके आहेत.

गोव्यात पर्यटक जाताना इंग्रजी पुस्तके मागे ठेवून जातात, आणि ती जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ढिगाने मिळतात. अशाच ढिगातून ही पुस्तके विद्यार्थिदशेत माझ्याकडे आली. गेल्या वर्षी ती मी पुन्हा, ओळीने, सावकाश वाचली. ज्या कथेचा पाया फाशांच्या दानावर आहे, तिला साहित्य म्हणता येते का? आणि येत असेल, तर पन्नाशी ओलांडलेल्या वाचकाच्या हाती तिच्यातले काय उरते? या दोन प्रश्नांपुरतेच आजचे बोलणे आहे.

आधी खेळ समजून घेऊ. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहान गावातून प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. त्याआधी हौशी मंडळी टेबलावर नकाशा पसरून, शिशाच्या लहान सैनिकांच्या पलटणी हलवून युद्धे खेळत असत. या दोघांनी केलेला बदल ऐकायला साधा आहे. प्रत्येक खेळाडूच्या हाती पलटणीऐवजी एकच माणूस दिला. त्या माणसाला नाव आले, बळ, चपळाई, बुद्धी, शहाणपण अशा गुणांचे आकडे आले आणि मग हळूहळू स्वभावही आला.

खेळाला एक सूत्रधार असतो. तो सांगतो, तुमच्यापुढे बंद दार आहे, आतून कण्हल्यासारखा आवाज येतो आहे, तुम्ही काय करता? चार-पाच खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात. एक म्हणतो, मी दाराला कान लावतो. दुसरी म्हणते, मी लाथ घालते. ते साधले की फसले, हे वीस बाजूंचा फासा सांगतो. पट नाही, सोंगट्या असल्या तर सोयीपुरत्या, आणि शेवटी कोणी जिंकतही नाही. रात्र सरते, कथा पुढे जाते, पुढच्या आठवड्यात तिथूनच सुरू होते.

आपल्यापैकी ज्यांनी पेडण्याकडे किंवा पलीकडे सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री दशावतार पाहिला आहे, त्यांना ही रीत परकी वाटू नये. दशावतारी नटाच्या हातात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेले असते, कोणाच्या वाट्याला राजा आणि कोणाच्या वाट्याला राक्षस हे ठरलेले असते. संवाद मात्र रंगमंचावर, समोरच्याचे ऐकून, त्या क्षणी सुचतात. दोन्हींत फरक मोठा आहे. तिथे प्रेक्षक आणि देवाची जत्रा आहे, इथे दार लावून बसलेले चार मित्र आहेत. पण कथा आधी बोलली जाते आणि कागद मागून येतो, हा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे. तेव्हा 'खेळातून आलेले म्हणजे हलके' असे म्हणण्याआधी आपण थोडे थांबावे.

आता 'ड्रॅगनलान्स'. ट्रेसी हिकमन यांना 'टी.एस.आर.' या त्या खेळाच्या कंपनीत नोकरी मिळाली, तेव्हा ते पत्नी लॉरा यांच्यासह युटा राज्यातून गाडीने विस्कॉन्सिनला निघाले. या कथेची पहिली कल्पना दोघांनी त्या लांबच्या प्रवासात रचली. खेळाच्या नावात ड्रॅगन आहेत, पण खेळात ते पुरेसे दिसत नाहीत, असे कंपनीलाही वाटत होते. म्हणून पुस्तिकांची एक मालिका ठरली. १९८४ ते १९८६ या काळात चौदा पुस्तिका निघाल्या, आणि त्यांच्या जोडीला कादंबऱ्या काढायचे ठरले. कादंबरीचे काम आधी दुसऱ्या लेखकाकडे होते, ते जमेना. तेव्हा कंपनीच्याच पुस्तक विभागातल्या संपादिका मार्गारेट वाइस आणि हिकमन यांनी लेखणी आपल्या हाती घेतली.

म्हणजे व्यवहाराच्या भाषेत ही पुस्तके एका मालाची जाहिरात होती. हे लपवण्यासारखे नाही, आणि लपतही नाही. पहिले पुस्तक 'ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट' आज वाचताना कितीतरी पानांमागे फासा खुळखुळतो. झाक झारोथ नावाच्या बुडालेल्या नगरीत आपली मंडळी उतरतात, तेव्हा आपण एका दालनातून दुसऱ्या दालनात जातो. दर दालनात एक संकट, दर संकटाला एक युक्ती. कथेला तिथे जायचे नसते, नकाशाला जायचे असते. एका लढाईचा दम निवण्याआधी दुसरी उभी राहते, कारण खेळात रात्रीच्या बैठकीत कोणी रिकामे बसता कामा नये. लहानपणी हीच पाने मी धावत वाचली होती. आता ती चाळणीतून वाळू जावी तशी निसटून जातात.

दुसरी खूण अधिक टोचते. त्या काळच्या खेळात माणसाच्या जातीप्रमाणे, म्हणजे तो मानव आहे, बुटका आहे की एल्फ आहे यावरून, त्याचे गुण आधीच ठरत. कादंबरीतही एक अख्खा बुटक्यांचा वर्ग केवळ मठ्ठ आणि घाणेरडा म्हणून येतो आणि हसण्यासाठी वापरला जातो. दुष्टांचे सैनिक तर ड्रॅगनच्या भ्रष्ट केलेल्या अंड्यांतून निपजतात, म्हणजे त्यांना मारताना मनाला लागायला नको. तक्त्यासाठी ही सोय ठीक आहे. कादंबरीने माणसाकडे असे पाहिले की ती लहान होते.

तिसरी गोष्ट या जगाच्या पुराणाची. या क्रिन नावाच्या जगात कथेच्या सुमारे साडेतीनशे वर्षे आधी एक महाउत्पात झाला आहे. इस्तार नगरीच्या धर्मराजाने गर्वाने देवांना आज्ञा करू पाहिली, म्हणून देवांनी त्या नगरीवर जळता डोंगर टाकला. त्यानंतर देव दिसेनासे झाले. कादंबरीचे म्हणणे असे की देव गेले नाहीत, माणसांनीच पाठ फिरवली. तरुणपणी हे गंभीर तत्त्वज्ञान वाटते. आज वाचताना प्रश्न पडतो, की गर्व एका माणसाचा होता, मग त्या नगरीतल्या पाळण्यातल्या मुलांचे काय? पहिल्या त्रयीला हा प्रश्न पडत नाही. दुसऱ्या त्रयीत लेखक कथेला काळात मागे, त्याच नगरीत, उत्पाताच्या आधीच्या दिवसांत नेतात, तिथले रस्ते आणि माणसे दाखवतात. उत्तर तिथेही पुरते मिळत नाही, पण प्रश्न आपल्यालाही सतावतो हे लेखकांनी मान्य केल्यासारखे वाटते.

एवढे सगळे वजा केल्यावर काय उरते? माझ्या मते दोन गोष्टी उरतात. एक खेळाने कादंबरीला दिली आहे, आणि दुसरी कादंबरीने खेळाकडून हिसकावून घेतली आहे.

खेळाने दिलेली गोष्ट म्हणजे मंडळी. पहिल्या पुस्तकाची सुरुवात आठवा. सोलेस हे झाडांवर वसलेले गाव. घरे फांद्यांवर, पूल एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलेले. तिथल्या खाणावळीत जुने मित्र पाच वर्षांनी भेटायचे ठरवून येतात. अर्धा एल्फ आणि अर्धा माणूस असलेला, कुठेच पुरता न सामावणारा टॅनिस. म्हातारा, कुरकुरा बुटका फ्लिंट. दुसऱ्याच्या खिशातली वस्तू आपल्या हाती कशी आली याचे स्वतःलाच नवल वाटणारा टासलहॉफ. मोडकळीस आलेल्या सरदारवर्गाची शान अंगावर मिरवणारा स्टर्म. बलदंड कॅरामन आणि त्याचा खोकणारा, जादू शिकलेला जुळा भाऊ रेस्टलिन. एकटा लेखक टेबलाशी बसून इतकी माणसे रचतो, तेव्हा त्यांच्या बोलण्यात त्या लेखकाचा एकच सूर ऐकू येण्याचा धोका असतो. इथे माणसे एकमेकांचे बोलणे तोडतात, रुसतात, भलत्या वेळी विनोद करतात. ती खरोखर वेगवेगळ्या तोंडांतून बोलली गेली आहेत, असे वाटत राहते.

हे नुसते वाटणे नव्हे. रेस्टलिनचा खरखरीत, कुजबुजता आवाज ही लेखकांची कल्पना नव्हती. कंपनीतली मंडळी कथा खेळून पाहत असताना ज्याच्या वाट्याला ते पात्र आले, त्याने त्या आवाजात बोलायला सुरुवात केली, आणि ऐकणाऱ्यांना रेस्टलिन कोण आहे ते कळले. पुढे सहा पुस्तके ज्या पात्राने पेलली, त्याचा कंठ असा एका संध्याकाळी टेबलावर फुटला.

या रेस्टलिनमध्ये खेळाचा एक रुक्ष नियम कसा माणसाच्या शरीरात उतरला, तेही पाहण्यासारखे आहे. खेळाचा तेव्हाचा नियम असा होता, की जादूगाराने मंत्र सकाळी पाठ करावा. एकदा वापरला की तो स्मरणातून पुसला जाई. ही कल्पना गायगॅक्स यांनी जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांतून घेतली होती. खेळात तिचा उपयोग हिशेबापुरता असे, जादूगाराने फार शिरजोर होऊ नये म्हणून. कादंबरीत मात्र रेस्टलिन मंत्र म्हणतो आणि कोसळतो, ओठांवर रक्त येते, भावाच्या दंडाचा आधार घ्यावा लागतो. ज्याच्या आधाराची सर्वांत जास्त चीड, त्याच्याच आधारावर उभे राहायचे. आकड्याचे दुखणे झाले आणि दुखण्याचे नाते झाले. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या वाळूच्या घड्याळासारख्या आहेत, आणि त्याला समोरचे सारे काही क्षणाक्षणाला झिजताना दिसते. तरुण चेहऱ्यातले म्हातारपण दिसते. विशीत वाचताना मला हा शाप फार देखणा वाटला होता. आता आरशात पाहताना त्यासाठी शापाची गरज पडत नाही.

आता कादंबरीने खेळाकडून हिसकावून घेतलेली गोष्ट. ती म्हणजे मृत्यू.

खेळात मरण स्वस्त असते. फासा उलटा पडला की तुमचा वीर गेला. तुम्ही हळहळता, नवा कागद घेता, नवे नाव लिहिता. 'ड्रॅगनलान्स'च्या पुस्तिकांना तर वेगळीच अडचण होती. महत्त्वाचे पात्र खेळात मध्येच मेले, तर पुढची ठरलेली कथा चालायची कशी? म्हणून पुस्तिकेत एक चमत्कारिक नियम घातला गेला. असे पात्र मरत असेल, तर सूत्रधाराने ते मरण डोळ्यांआड घडवावे. दरीत पडले, पुरात वाहून गेले, प्रेत सापडले नाही, असे काही. म्हणजे पुढे काहीतरी सबब सांगून त्याला परत आणता येईल. मालिकांमधून मेलेली माणसे कशी परत येतात, हे आपल्या घरोघर ठाऊक आहेच.

या नियमासमोर दुसऱ्या पुस्तकातला स्टर्मचा शेवट ठेवून पाहा. स्टर्मने मित्रांपासून आयुष्यभर एक गोष्ट लपवली आहे. ज्या सरदारपंथाची शपथ तो उच्चारतो, त्या पंथात त्याला रीतसर घेतलेलेच नाही. पंथ स्वतः कुजला आहे, नियमांच्या पोथ्यांत आणि पदांच्या भांडणांत अडकला आहे. शेवटी एका बुरुजाच्या तटावर, मागच्यांना तयारीला थोडा वेळ मिळावा म्हणून, स्टर्म एकटा ड्रॅगनसमोर उभा राहतो. जिंकण्याची शक्यता नाही, हे त्याला ठाऊक आहे. तिथे काहीही डोळ्यांआड घडत नाही. सूर्य उगवतो आहे, सगळे पाहत आहेत, आणि तो मरतो. कुठल्याही सबबीने तो परत येत नाही.

त्याला मारणारी कोण? पहिल्या पानांवर, त्या खाणावळीत, एक खुर्ची रिकामी राहिली होती. किटियारा, जुळ्या भावांची सावत्र बहीण आणि टॅनिसची जुनी प्रेयसी, ठरलेल्या दिवशी आली नव्हती. फक्त एक चिठ्ठी आली होती. पहिल्या वाचनात आपण ती खुर्ची विसरून जातो, कारण दार फुटते आणि साहस सुरू होते. दुसऱ्या वाचनात ती खुर्ची सारखी दिसत राहते. तीच किटियारा शत्रूची सेनानी होऊन ड्रॅगनवर बसून येते, आणि स्टर्म तिच्या हातून मरतो. कथेतले सर्वांत मोठे युद्ध असे एका न आलेल्या मैत्रिणीपाशी येऊन ठेपते.

तिसऱ्या पुस्तकात म्हातारा फ्लिंट जातो, तो लढाईत नव्हे. त्याचे हृदय थकलेले असते, तो ते सगळ्यांपासून लपवत आलेला असतो, आणि एके ठिकाणी ते थांबते. खेळात प्रत्येक घावासाठी फासा असतो. वयाने थकलेल्या हृदयासाठी कोणी फासा टाकत नाही. आयुष्यभर ज्याच्याशी तो भांडला तो टासलहॉफ त्याच्याजवळ असतो. हे प्रकरण तरुणपणी मी भराभर उलटले होते, कारण पुढे लढाई होती. या वेळी तिथे बराच वेळ थांबलो. आपल्या वयाला अशी माणसे ठाऊक असतात, जी 'काही नाही रे, जरा दम लागलाय' म्हणतात आणि विषय बदलतात.

दुसऱ्या त्रयीत तर जगाचे युद्ध संपलेलेच आहे. वीर कॅरामन दारू पिऊन सुजला आहे, भावावाचून काय करावे हे त्याला उमगत नाही, आणि बायको टिका त्याला घराबाहेर काढते. ज्याची सेवा केली त्याला आपण दुबळे ठेवत होतो का, आणि सेवा नसेल तर आपण कोण, असा तो प्रश्न आहे. तिकडे रेस्टलिन देव व्हायला निघाला आहे. भविष्यात जाऊन आलेला कॅरामन त्याला सांगतो, की तू जिंकशील, आणि जिंकल्यावर तुझ्या राज्यात काहीच जिवंत नसेल. रेस्टलिन ते ऐकतो आणि मागे राहून दार बंद करतो. घरात कोणा आजाऱ्याची, व्यसनी माणसाची किंवा फार हुशार आणि फार कडवट माणसाची उस्तवार करण्यात ज्यांची वर्षे गेली, त्यांनी ही तीन पुस्तके मुखपृष्ठाकडे न पाहता वाचावीत.

असे खेळातून आलेले लेखन हा एवढाच नमुना नाही. जपानमध्ये र्यो मिझुनो यांची 'रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर' ही मालिका मासिकात छापल्या गेलेल्या खेळाच्या वृत्तांतांतून वाढली. कॅनडाच्या स्टीव्हन एरिक्सन आणि इयान एस्लमाँट यांनी आपल्या 'मलाझन' कादंबऱ्यांचे जग आधी दोघांत खेळून काढले. सगळेच लेखन टिकाऊ आहे असे नाही. बरेचसे नकाशातल्या दालनांपलीकडे जात नाही. कसोटी मात्र मला एकच वाटते. फासा कुठे ऐकू येतो आणि कुठे ऐकू येईनासा होतो, एवढे कान देऊन ऐकावे.

मराठी वाचकाला अद्भुताचे वावडे मुळात नव्हते. 'मुक्तामाला' १८६१ ची, 'मंजुघोषा' १८६८ ची. आपली कादंबरी सुरुवातीला बरीचशी अद्भुतरम्य वाटेने चालली. पुढे हरिभाऊंनी तिला घरातल्या स्वयंपाकघरापर्यंत आणि विधवेच्या खोलीपर्यंत आणले, हे मोठेच काम झाले. पण त्यानंतर अद्भुत म्हणजे पोरकट, असा एक शिक्का आपल्या अभिरुचीवर बसला. त्या शिक्क्यामुळे आपण काही बरेवाईट न वाचताच बाजूला ठेवत असू, तर तो तपासून पाहायला हवा.

एक व्यवहाराची बाबही सांगायला हवी. ज्या टेबलावर ही कथा जन्मली ते टेबल कंपनीचे होते, म्हणून कथाही कंपनीची झाली. १९९७ मध्ये 'टी.एस.आर.' ही 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने विकत घेतली, १९९९ मध्ये तिला 'हॅस्ब्रो'ने घेतले. २०२० मध्ये नव्या कादंबऱ्यांच्या करारावरून वाइस आणि हिकमन यांनी त्या कंपनीवर दावा लावला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो मागे घेतला. नवी त्रयी २०२२ पासून आली. ज्यांनी रेस्टलिनला कंठ दिला, स्टर्मला मरण दिले, त्यांनाही आपल्याच पात्रांकडे जाताना कराराच्या दारातून जावे लागते. आपल्या आख्यानांना मालक नाही, हे आपले केवढे सुदैव आहे, ते अशा वेळी कळते.

रसिकहो, आज आपल्या कितीतरी घरांत शनिवारी रात्री नातवंडे दार लावून असेच फासे टाकत बसतात. बोलणे बहुतेक इंग्रजीत चालते. आपण बाहेरून विचारतो, 'अभ्यास झाला का?' त्याऐवजी एकदा विचारून पाहा, 'काल तुमच्या मंडळींचं काय झालं?' सांगताना ते मराठीत सांगतील, निदान सुरुवात तरी मराठीत होईल. पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात आणि परभाषांच्या शेजारात राहूनही आपल्या घरांनी मराठी राखली ती व्याकरणाने नव्हे. जेवणानंतर कोणीतरी काहीतरी सांगत होते आणि कोणीतरी 'मग?' म्हणत होते, म्हणून ती राहिली.

सोलेसच्या खाणावळीत मित्रांनी पाच वर्षांनी भेटायचे ठरवले, आणि जे आले ते बदलून आले होते. पुस्तकाकडे परत जाणेही तसेच आहे. काही पात्रे हात मिळवून निघून जातात, काही ओळख देत नाहीत, आणि कोणी एक, ज्याच्याकडे पूर्वी आपले लक्षही गेले नव्हते, तो शेजारी येऊन बसतो. माझ्या शेजारी या वेळी म्हातारा फ्लिंट येऊन बसला. आपल्याजवळ कोण बसेल, ते आपण वाचून पाहावे.